बंदुकीचा पांढरा पट्टा

जमिनीच्या वेळी मी न वाचता सही केली होती. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे बंदुकीच्या वेळी मी एवढी अडून का बसले ते कळेल.

जमिनीचं आपल्याकडे सगळ्यांचं असतं तसंच. भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो, सोबत साडी आणतो, बहीण सही करते, भाऊ म्हणतो माहेर तुझंच आहे, आणि बहिणीला रडू येतं. मला रडूही आलं नाही, कारण साडी मोरपंखी होती आणि मोरपंखी रंगात मी काविळीतून उठल्यासारखी दिसते हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. ती साडी मी कुवेतला आणली आणि शिलाई मशीनवर झाकायला घातली. अजून तिथेच आहे. धूळ छान अडवते.

यंदा वैशाखात वडील, आमचे आबा, गेले. मी जाऊन आले, दिवस होईपर्यंत राहिले, परत आले. मग गणपती झाल्यावर भावाचा फोन. मी फरवानियातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात एका झग्याला काजं करत बसले होते. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, आता स्वतः आजा झालाय, पण माझ्याशी बोलताना अजून दप्तर हरवून आल्यासारखा आवाज काढतो.

"अक्का, एक सही लागतीय."

"कशावर?"

"काय न्हाय गं. बंदुकीचा परवाना माझ्या नावावर करायचाय. बाकी वारसांची हरकत न्हाय असा कागद मागत्यात. आई तर कवाच गेली, बाकी वारस म्हंजे तूच की. मी कागद धाडतो, तू तिथं वकिलातीत जाऊन सही कर, शिक्का घे आन परत धाड. दसऱ्यानंतर आठवड्याभरात दिला न्हाय तर बंदूक ठाण्यात जमा करा म्हणालाय हवालदार."

"या खेपेला साडी कुठली?"

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला.

आता बंदुकीचं सांगते. खरं म्हणजे ती रायफल, फौजेतली, पण घरात तिला कुणी रायफल म्हटलं नाही. आमच्या आजोबांची. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत गेलेला, पण बंदूक घरी घेऊन आलेले फक्त आमचे आजोबा. गावात आमचं आडनाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. बंदूकवाल्यांचं घर विचारा, कुणीही बोट दाखवील. काकांच्या लग्नपत्रिकेवर आडनावापुढे तसं छापलंसुद्धा होतं. मला बघायला आमचे हे आले तेव्हा माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि भिंतीवरच्या बंदुकीकडे तीनदा.

कहाणी अशी. दुसऱ्या महायुद्धात आजोबा बसऱ्याला लढत होते. शत्रूची गोळी आली, ती आजोबांना लागायची ती बंदुकीला लागली. नळीच्या बुडाशी आरपार भोक पडलं, आजोबा वाचले, आणि साहेबानं खूश होऊन तीच बंदूक त्यांना बक्षीस दिली. आता साहेब खूश झाला होता तर त्यानं धड बंदूक का नाही दिली, भोक पडलेलीच का दिली, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नाही. आम्ही प्रश्न विचारणारं घराणं नाही. आम्ही बंदूकवाले.

दसऱ्याला ती भिंतीवरून उतरायची. पाटावर तांबडं कापड, त्यावर आडवी. वडील तिला खोबरेल चोळायचे. मग डबी उघडून लाकडी दस्त्यावर पांढरा पट्टा रंगवायचे. चार बोटं रुंद, दस्त्याला गोल वेढा घातलेला. आजोबांनी सांगून ठेवलेलं, काही झालं तरी हा पट्टा पुसट होऊ द्यायचा नाही. आम्ही धरून चाललो की हा भस्माचा पट्टा, महादेवाला असतो तसा. वडील पट्ट्याची कड सरळ करत असताना घरात शिंकायलाही बंदी. पट्टा वाळला की भोकात हळद भरायची. जखमच ना ती, मग तिला हळद नको? हळद बोटानं दाबून भरायची, वर कुंकवाची टिकली, मग झेंडूची माळ, मग आपट्याची पानं.

आणि हे सगळं पुरुषांनी करायचं. बायकांनी हात लावायचा नाही, बाईच्या हातानं तिचं तेज जातं. माळ आम्ही ओवायची, हळकुंडं आम्ही कुटायची, पाट आम्ही धुवायचा, जमीन आम्ही सारवायची, आणि पूजा सुरू झाली की उंबऱ्याबाहेर. मी सात वर्षांची असताना एकदा माळ ठेवताठेवता नळीला बोट लावलं. वडिलांनी कानाखाली दिली. त्यांनी मला आयुष्यात तेवढं एकदाच मारलं. गाल संध्याकाळपर्यंत बरा झाला, पण ते गार लोखंड बोटाला अजून आठवतं.

पुढे लग्न झालं, ह्यांना कुवेतला अम्गऱ्यातल्या एका वर्कशॉपात लेथवर काम मिळालं आणि दोन वर्षांनी मलाही इकडे यायचं ठरलं. मी घाबरून गेले होते. वाळवंट म्हणे, बायका काळ्या कपड्यांत म्हणे, भाषा उलटी लिहितात म्हणे. आई म्हणाली, "अगं, तुझा आजा तिथंच तर लढला. बसरा तिथनं हाकेच्या अंतरावर हाय. तुझ्या रक्तात हाय ते ऊन." त्या एका वाक्यावर मी विमानात चढले. इथे आल्यावर ज्याला त्याला सांगत सुटले. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, काढताना समोरच्या माणसाला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, अरबी येत नव्हतं तेव्हा हातवारे करून सांगितलं. आजोबा, बसरा, ठो. एका दुकानदारानं घाबरून मला कोथिंबीर फुकट दिली.

तर ही अशी बंदूक. आणि भाऊ म्हणतो, हरकत नाही म्हणून सही कर.

मी म्हणाले, "जमीन निदान मी बघितली होती, तिच्यात खुरपलं होतं. ही बंदूक मी धडपणे बघितलेलीसुद्धा नाही. जी वस्तू सोडतेय ती आधी मला कळू दे. फोटो पाठव. सगळ्या बाजूंनी, जवळून."

"बंदुकीचं काय बघतीस अक्का? बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच. फोटो नाही तर सही नाही."

त्यानं फोटो पाठवला. फेटा बांधून, छाती काढून तो स्वतः उभा, आणि मागे भिंतीवर बोटभर बंदूक. अर्ध्या तासानं वहिनीच्या फोनवरून चार फोटो आले. एकही शब्द न लिहिता. अगदी जवळून, खिडकीच्या उजेडात काढलेले. एका फोटोच्या कोपऱ्यात तिच्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. भोकातली हळद काढून ते स्वच्छ पुसलं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला जहऱ्याला जायचं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या कुवेती बाईचे कपडे मी वीस वर्षं शिवते. घरात घालायचे लांब झगे, इकडे त्याला दर्राआ म्हणतात. हज करून आलेली म्हणून सगळे तिला हज्जिया म्हणतात, मीही. तिचं हिंदी सिनेमातलं, माझं अरबी बाजारातलं, दोन्हींची खिचडी करून आम्ही तासन्‌तास बोलतो. अम्गरा त्याच वाटेवर, म्हणून सकाळी कामावर जाताना हे मला तिच्या दारात सोडतात.

खांद्याचं माप घेताना मी तिला फोटो दाखवला. तिनं चष्मा न लावताच ओळखलं.

"उम्म अशर. माझ्या बापाची होती अशी."

उम्म अशर म्हणजे दहांची आई. पोटात दहा गोळ्या मावतात म्हणून. मी म्हणाले, माझी आजीही दहांची आई होती, पण तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडली ती थेट तिरडीवर.

हज्जिया एवढी हसली की माप चुकलं.

"तू चालवलीस कधी?"

"मी कशी चालवणार? आमच्यात बायका हात लावत नाहीत."

तिला वाटलं माझं अरबी चुकलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग ती गुडघे धरून उठली. "यल्ला," म्हणाली, "ऊठ."

तिनं मला अंगणापलीकडे तिच्या भावाच्या दिवानियात नेलं. दिवानिया म्हणजे इथल्या पुरुषांची बैठक. संध्याकाळी तिथे पुरुष जमून चहा पितात आणि जगाचे प्रश्न सोडवतात. सकाळी तिथे नुसत्या गाद्या आणि तक्के असतात. कोपऱ्यात काचेचं कपाट, त्यात तिच्या वडिलांची बंदूक, आणि खाली चौकटीत परवाना. किल्ली फुलदाणीत होती. तिनं कपाट उघडलं, बंदूक उचलली, बोल्ट खटकन मागे ओढून रिकामी असल्याचं बघितलं आणि मी जसं कापडाचं ठाण पुढे करते तशी माझ्यापुढे धरली.

"घे."

"मी हात लावला तर चालेल?"

"का? हात ओले आहेत तुझे?"

मी पदराला हात पुसले. ओले नव्हते, तरी पुसले. घेतली. महिन्याच्या बाळाएवढं वजन. आणि सांगायला लाज वाटते, पण मी ती नकळत झुलवायला लागले. हज्जियानं ती माझ्या खांद्याला लावून दिली, गाल कुठे टेकायचा ते दाखवलं, बोल्ट कसा उघडायचा ते दाखवलं. बारा वर्षांची असताना बापानं तिला रिकाम्या डब्यांवर नेम धरायला शिकवलं होतं. मी चारदा बोल्ट मागेपुढे केला. शिवणाच्या मशीनला चांगलं तेल पाजल्यावर येतो तसा आवाज. पन्नास वर्षं मी ज्या तेजाला भीत होते ते हे, आणि माझ्या हातानं त्याचं काही बिघडलं नाही.

मग मी दस्ता बघायला लागले. "हज्जिया, हिचा पट्टा कुठे आहे?"

"कसला पट्टा?"

मी फोटो दाखवला. तिनं या खेपेला चष्मा लावला. पांढऱ्या पट्ट्याकडे बघितलं, मग भोकाकडे बघितलं. दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हे इथे भोक का?"

"शत्रूची गोळी लागली. बसऱ्याला."

हज्जियानं चष्मा काढला. मग अगदी सांभाळून म्हणाली, "बंदुकीला एकच भोक लागतं. पुढचं. इथे भोक असेल तर आग चालवणाऱ्याच्याच तोंडावर येईल. तुझ्या आजोबांनी अशी बंदूक घरी कशाला नेली?"

पन्नास वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न तिनं चहा यायच्या आत विचारला.

संध्याकाळी हे कामावरून आले. जेवताना मी फोन त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. आमचे हे बोलत नाहीत. मशीनच्या आवाजात आयुष्य गेलं, घरी आले की शांतता हवी असते, आणि मी असल्यामुळे ती मिळत नाही. त्यांनी घास चावत फोटो बघितला.

"तीन सुतांचं भोक आहे," म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"गोळीचं."

"गोळीनं असं पडत नाही. गोळी फाडते. हे ड्रिलनं पाडलंय. आधी बारीक मारलं, मग मोठं केलं. आणि बघ, कड कानसीनं मारलीये, हाताला लागू नये म्हणून." त्यांनी भाकरी मोडली. "शत्रू एवढा व्यवस्थित नसतो."

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत ते?"

"इतकी वर्षं तुझ्या बापानं त्यात हळद भरून ठेवली होती. आणि जवळ जाऊ कोण देत होतं? जावयाला श्रीखंड देतात, बंदूक दाखवत नाहीत."

मग त्यांनी दुसरा फोटो मोठा केला. लोखंडावर दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती, डी आणि पी. ती त्यांनाही कळली नाहीत. पण मी सगळं फोनवरच शिकलेली बाई आहे. केक फोनवर शिकले, दर्राआची कापणी फोनवर शिकले, गुडघ्याचे व्यायाम फोनवर शिकले आणि सोडून दिले. मी फोनला तोंडानं विचारलं, हिंदीत, रायफल पर सफेद पट्टी क्यों. पहिले तीन व्हिडिओ घराच्या रंगाचे निघाले. चौथ्यात एक निवृत्त सुभेदार टेबलावर बंदूक ठेवून बसला होता, आणि तिच्या दस्त्यावर आमचा पट्टा.

तो सांगत होता, ही कवायतीची रायफल. नव्या रंगरुटांना डावा उजवा शिकवण्यासाठी. जुनी झालेली, बाद केलेली. हिला भोक पाडतात, आतली पिन काढून टाकतात, डीपी ठोकतात, म्हणजे फक्त ड्रिलपुरती. आणि दस्त्यावर पांढरा पट्टा मारतात, लांबून दिसावा आणि चुकूनही कुणी हिच्यात गोळी भरू नये म्हणून. पट्टा पुसट होता कामा नये, असा नियमच आहे.

मी व्हिडिओ तीनदा बघितला. पहिल्यांदा पोट धरून हसले. आमचं अख्खं घराणं दर दसऱ्याला नवे कपडे घालून, श्वास रोखून, सगळ्या गावाला लांबून दिसेल असं रंगवत होतं की ही बंदूक चालत नाही. पट्ट्याबद्दल आजोबा एक शब्दही खोटं बोलले नव्हते. पट्टा पुसट होऊ देऊ नका, एवढंच तर म्हणाले होते.

तिसऱ्यांदा बघताना हसू आलं नाही. कवायतीची रायफल बसऱ्याला कशाला जाईल? आणि रायफल गेली नाही तर आजोबा तरी गेले होते का? मी ज्या उन्हात तीस वर्षं काढली ते माझ्या रक्तात होतं की नव्हतं?

ह्यांनी ताट उचललं, माझ्याकडे बघितलं. "सही करणार आहेस का?"

"आधी त्याला विचारते."

"काय विचारणार?"

"मला फसवलं की तोही माझ्यासारखाच येडा आहे, ते."

हे महत्त्वाचं होतं. तो येडा असेल तर खरं सांगून मी त्याची बंदूक मोडणार होते. गावात त्याचा सगळा मान त्या भोकावर उभा होता. आणि त्याला माहीत असेल तर मी जमिनीसारखीच पुन्हा एकदा न वाचता सही करत होते.

दसऱ्याच्या सकाळी मी व्हिडिओ कॉल केला. त्यांचे नऊ म्हणजे आमचे साडेसहा. हे दाढी करत होते. भावानं फोन कोनाड्यात टेकवून ठेवला होता. पाट, तांबडं कापड, बंदूक, रंगाची डबी, सगळं मांडलेलं. वहिनी उंबऱ्याबाहेर, हातात माळ.

"बघ अक्का, तुला सगळं दिसतंय न्हवं? बघ आन आज जाऊन सही कर."

"करते. आधी एक काम कर. भोकात हळद भरायच्या आधी उदबत्तीची काडी घाल. बघू आरपार जाते का."

"कशाला?"

"घाल तर."

त्यानं काडी घेतली नाही. ब्रश डबीवर आडवा ठेवला. मी त्याला त्याच्या जन्मापासून ओळखते. त्यानं कान खाजवला तेव्हाच मला कळलं.

"तुला ठाऊक आहे," मी म्हणाले.

तो दाराकडे बघून हळू आवाजात बोलायला लागला. "आबांनी सांगितलं. मी अठराचा झालो त्या दसऱ्याला. आबांना आजोबांनी सांगितलेलं. आजोबा लढाईवर गेलेच न्हाईत. सगळी नोकरी डेपोत, रंगरुटांची कवायत घेण्यात. निघताना साहेबानं भंगारातली एक दिली, त्यांनी लई वर्षं सांभाळलेली म्हणून. बसऱ्याचं आबांनी जोडलं, लहान असताना, शाळंत. मग ते मागं घेता येईना. निवडणुकीच्या टायमाला सगळी हत्यारं ठाण्यात जमा करावी लागत्यात. आपण वाजत गाजत नेतो. तिथला हवालदार पावती लिहिताना खाली मान घालून हसतोय. त्यांनीबी असल्याच बंदुकीवर कवायत केलेली असती. पण कुणी बोलत न्हाय. हळू बोल, तुझ्या वहिनीला कळंल."

उंबऱ्यावरून वहिनी म्हणाली, "काय कळंल?"

भाऊ घाईघाईनं फेटा सावरायला लागला.

"तिला भोक पाडलंय ते? मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं."

"तुला? तुला कुणी सांगितलं?"

"मग वर्षभर तिच्यावरची धूळ पुसतंय कोण? आपसूक चमकती व्हय ती? वर्षातनं एक दिस बायकांनी हात लावायचा न्हाय, बाकीचे दिस आमचाच हात की. मी सासूबाईंना इचारलं. त्या म्हणाल्या, बोलू नगंस. त्यास्नी बरं वाटतंय."

भाऊ पाटाशेजारी खाली बसला. त्याचा फेटा तिरका झाला. इकडे आमचे हे गालाला साबण तसाच ठेवून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांच्या तोंडून 'हं' असा आवाज आला. त्यांच्या मानानं ते भाषणच.

पण मला हसू येईना. म्हणजे आजोबांना माहीत, वडिलांना माहीत, भावाला माहीत. आईला माहीत, वहिनीला माहीत. हवालदाराला माहीत. ती स्वच्छ पुसलेली जखम, ते चार जवळून काढलेले फोटो, तेही माझ्या आता ध्यानात आले. म्हणजे परवापर्यंत न कळलेली मी एकटी.

"सगळ्या घरात मलाच नव्हतं सांगितलं," मी म्हणाले.

"तू लांब हुतीस, अक्का."

"सात वर्षांची होते तेव्हा लांब होते? कानाखाली खाल्ली मी."

तो खाली बघून रंगाच्या डबीचं झाकण फिरवत बसला. मग म्हणाला, "मी आबांना म्हणलं हुतं, जमिनीच्या सहीला आली हुतीस तवा. म्हणलं अक्काला सांगून टाकू. आबा म्हणाले, नगं. ती तिकडं त्याच जोरावर राहतीय. तिचा जोर काढून घिऊ नगंस."

आता हे काय बोलणं झालं? भांडायची तयारी करून बसलेल्या माणसाला असं कुणी सांगतं का? रुमाल शोधला, सापडला नाही, म्हणून हाताशी मशीनवर जे होतं त्यालाच डोळे आणि नाक पुसलं.

भाऊ फोनजवळ सरकला. "अक्का, ती मी दिलेली साडी न्हवं?"

"तीच. कामाला आली एकदाची."

वहिनी खदखदून हसली, मग तोही हसला, मग मीही. हसून झाल्यावर तो म्हणाला, "मग सहीचं काय?"

"करते. पण पट्टा मी रंगवणार."

"तिथनं?"

"वहिनीला ब्रश दे. तिनं आत यायचं, पाटावर बसायचं, मी सांगेन तसं करायचं."

त्यानं दाराबाहेर डोकावून बघितलं, गल्लीत कुणी आहे का ते. मग दार लोटून घेतलं आणि ब्रश वहिनीच्या हातात दिला. वहिनीनं पदर खोचला. मी सांगत होते, वरून सुरू कर, ब्रशला रंग कमी घे, आता फिरव, थांब, डावीकडची कड खाली उतरलीये, नखानं सरळ कर. भाऊ बंदूक दोन्ही हातांनी फिरवत होता. कुणी शिंकलं नाही. वडिलांच्या हातचा पट्टा नेहमी एका बाजूला जाड व्हायचा. आमचा सरळ आला. शिवणकाम करणारी बाई आहे मी, काठ मला कळतो.

हळद मात्र मी त्यालाच भरायला सांगितली. त्यानं बोटानं दाबून, सावकाश भरली.

दोन दिवसांनी ह्यांनी सुट्टी घेतली आणि आम्ही वकिलातीत गेलो. कागद मराठीत होता, म्हणून काउंटरवर मराठी वाचणाऱ्या एका मुलीला बोलावलं. अमरावतीकडची होती, बोलायला गोड. तिनं कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला. या वेळी मीही प्रत्येक ओळ वाचली होती. दोनदा.

"काकू, बंदूक आहे ही? खरीखुरी?"

"आजोबांची. फौजेतली."

"बाप रे. अजून चालते का हो?"

माझ्या मागे हे उभे होते. त्यांनी घसा साफ केला. मी मागे न बघता त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"तिला शत्रूची गोळी लागलेली आहे, बाळा," मी म्हणाले. "बसऱ्याला. इथून हाकेच्या अंतरावर. सही कुठे करू?"